वरणावर तूप नको, हे सांगायला शिक

ताई, मी नागपूरची, मानेवाड्याला राहते. इथेच सिव्हिल इंजिनीअरिंग केलं. आता जर्मनीत पर्यावरण अभियांत्रिकीच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, शिकवणं इंग्रजीत आहे. एपीएस म्हणजे पदवीच्या कागदांची पडताळणी, खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा सगळं झालं. सप्टेंबरच्या शेवटी निघायचं आहे. आमचं घर आजोबांपासून माळकरी. मी दोन वर्षांपूर्वी दूध-तूपही सोडलं, आणि ते अजून घरात कुणाला पटलेलं नाही. आई रोज विचारते, तिथे खाशील काय? मामा म्हणतो, निदान अंडं तरी खायला शिक, नाहीतर आजारी पडून परत येशील. मला त्याहून अभ्यासाची भीती वाटते. मी वर्गात प्रश्न विचारणारी मुलगी नाही. कुणाला माझ्यामुळे त्रास झालेला मला आवडत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा सगळ्यावर तूप सोडलेलं असलं तर कोरडा भात आणि चटणी खाऊन उठते, कुणाला कळू देत नाही. अशी दोन वर्षं निभतील का?
– एक गोंधळलेली वाचक

प्रिय मुली,

अशी निभणार नाहीत, हे आधीच सांगते. बाकी सगळं जमेल: जेवण, अभ्यास, थंडी, एकटेपणासुद्धा. पण कोरडा भात खाऊन गुपचूप उठायची ती सवय नागपुरातच ठेवून जा. इथे ती खपून जाते, कारण कुणीतरी आपल्याकडे बघत असतं. ताटात भाजी नाही दिसली की काकू विचारते, घरी आलं की आई ओळखते, सबमिशन राहिलं तर मैत्रीण रात्री फोन करते. तिथे तसं कुणी बघत नाही. माणसं वाईट नसतात, उलट विचारलंत तर फार मनापासून मदत करतात. पण न विचारता पुढे येणं त्यांना आगाऊपणा वाटतो. तुला काही अडलं असेल तर तू सांगशील, असं ते धरून चालतात. आणि तू तर सांगणारच नाहीस.

मीही तुझ्यासारखीच होते. २००१ साली धरमपेठेतून निघून तिकडे गेले तेव्हा खिशात जर्मन मार्क होते. युरोच्या नोटा हातात आल्या त्या पुढच्या जानेवारीत. दुसऱ्याच आठवड्यात मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, फळ्यावर मटारच्या सुपाचं नाव दिसलं. मटारचं सूप, त्यात काय विचारायचं? अर्धा वाडगा संपल्यावर चमच्यात गुलाबी चौकोनी तुकडा आला. मी त्याला गाजर समजले होते. तो श्पेक होता, डुकराच्या मांसाचा. वाढणारी बाई तीन हातांवर उभी होती आणि तिला एक शब्द विचारला असता तर तिने सांगितलं असतं. मी ताट ठेवलं, खोलीवर गेले आणि पुढचे कितीतरी दिवस ब्रेड, जॅम आणि केळी यांवर काढले. कुणालाही सांगितलं नाही.

आणि त्याच स्वभावानं माझं अख्खं सत्र खाल्लं. ते आधी सांगते, कारण जेवणाची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, ही होत नाही.

आपल्याकडे कॉलेजात नाव घातलं की परीक्षेचा फॉर्म भरायची नोटीस लागते, क्लार्क हाका मारतो, वर्गाचा प्रतिनिधी सगळ्यांकडून फॉर्म गोळा करतो. तिकडे विषयाला नाव नोंदवणं वेगळं आणि त्या विषयाच्या परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. सत्राच्या मध्येच कधीतरी काही दिवसांची मुदत उघडते आणि बंद होते. मी सगळे तास केले, सगळ्या गृहपाठाच्या पत्रिका दिल्या, आणि परीक्षेच्या दिवशी यादीत माझं नाव नव्हतं. वर्गातल्या सगळ्यांना ही मुदत माहीत होती. मी विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. आता हे सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर होतं, पण नियम तोच आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात तुझ्या कोर्सची प्र्यूफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, उतरवून घे आणि बसून वाच. परीक्षेची नोंदणी कधी, नाव मागे घ्यायची शेवटची तारीख कधी, एका विषयाला किती संधी, हे सगळं त्यात असतं. संधी बऱ्याच ठिकाणी तीनच असतात. आपल्याकडे बॅक राहिला तर राहिला, पुढे काढू, असं चालतं. तिथे सक्तीच्या विषयात शेवटची संधी गेली की तो अभ्यासक्रमच हातातून जातो. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेणं हा शहाणपणा समजतात, त्यात लाज नाही. परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणलीस तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घे. नंतरचा दाखला चालत नाही, असं बहुतेक नियमावल्यांत लिहिलेलं असतं.

गुणांची पद्धत उलटी आहे, हे आईला निघण्याआधीच समजावून ठेव. १.० सगळ्यात वर, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. मला पहिला २.० मिळाला तेव्हा घरी फोनवर बराच वेळ शांतता होती. क्रेडिटचं म्हणशील तर मास्टर्सला साधारण १२० असतात, एका सत्राला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे एका सत्रात ७५० ते ९०० तास. वेळापत्रकात आठवड्याला जेमतेम अठरा-वीस तास दिसतात आणि आपली मुलं खूश होतात. उरलेले तास ग्रंथालयातले असतात. व्याख्यानाला फोरलेझुंग म्हणतात. त्याला जोडून यूबुंग असते, म्हणजे गणितं सोडवायचा तास. काही विषयांत यूबुंगच्या पत्रिकांत ठरावीक गुण असल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. वेळापत्रकात वेळेपुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. तास संपला की सगळे बाकावर बोटांची पेरं ठोकतात. पहिल्यांदा दचकशील, ती त्यांची टाळी आहे.

आता प्रश्न विचारण्याचं. तू वर्गात हात वर करणार नाहीस, हे मला पत्रातच कळलं, आणि पहिल्या महिन्यात तो वर करायलाच हवा असंही नाही. पण प्राध्यापकांचा भेटीचा तास असतो, त्याला श्प्रेखश्टुंडं म्हणतात. तो तुझ्यासाठीच ठेवलेला असतो आणि कितीतरी वेळा तिथे कुणीच फिरकत नाही. आधी ईमेल कर, आणि ती नेमकी लिही: मी अमुक कोर्सची, तमुक पत्रिकेतला तिसरा प्रश्न, इथपर्यंत सोडवला, पुढे इथे अडले. आपल्याकडच्या 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम फेसिंग प्रॉब्लेम' या ईमेलला तिकडे उत्तर देता येत नाही, कारण त्यात प्रश्नच नसतो. 'सर', 'मॅडम' म्हणायचं नाही; आडनावाआधी 'फ्राउ' किंवा 'हेर' लाव, प्राध्यापक असतील तर तेही लाव. बसून, समोर वही ठेवून बोलायचं. तुला एखादी गोष्ट समजली नाही हे ऐकून ते रागावत नाहीत. समजल्यासारखी मान हलवून गेलीस आणि पुढच्या वेळी तिथेच अडलीस, तर मात्र त्यांना कोडं पडतं. आपली ती मान हलवायची सवय मोडायला मला एक वर्ष लागलं.

फाखशाफ्ट हा शब्द लिहून ठेव. ती विभागातल्या विद्यार्थ्यांची संघटना. बऱ्याच विभागांत त्यांच्याकडे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवलेल्या असतात. आपण सीताबर्डीच्या फुटपाथवरून अनसॉल्व्ड पेपरचे संच आणायचो, तसंच काहीसं, फक्त तिथे जाऊन मागायचे असतात. पहिल्या आठवड्यात ते नव्या मुलांना गावभर फिरवतात, त्याला नक्की जा. माझी तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण मला तशाच फेरीत मिळाली.

एक गोष्ट जरा कडक सांगते. आपल्याकडे जर्नल उतरवणं ही चोरी आहे असं कुणालाच वाटत नाही. वरच्या बॅचची फाइल घ्यायची, तारीख बदलायची. तिथे हाउसआर्बाइट, म्हणजे घरी लिहायचा निबंध, किंवा प्रबंध देताना हे काम माझं स्वतःचं आहे असं लेखी देऊन सही करावी लागते. मग त्यात दुसऱ्याच्या चार ओळी संदर्भ न देता सापडल्या तर तो विषय नापास होतो, आणि प्रकरण मोठं असेल तर विद्यापीठातून नावही जाऊ शकतं. संदर्भ कसा द्यायचा हे शिकवणारे छोटे वर्ग ग्रंथालयात होतात. पहिल्या सत्रातच कर.

पहिल्या सत्रात नोकरी धरू नकोस. नियमाने तुला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पैसे कमी पडले तरच ते कर. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला मिळणाऱ्या ९९२ युरोंत वसतिगृहाची खोली मिळाली तर नीट भागतं. खासगी खोली मोठ्या शहरात असेल तर ओढाताण होते. म्हणून वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं नसेल तर हे वाचणं थांबव आणि आधी ते कर. दुसऱ्या सत्रात विभागातच हिवी म्हणून काम मिळतं का बघ. हिवी म्हणजे प्राध्यापकांना मदत करणारी विद्यार्थिनी. हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा ते कितीतरी बरं, आणि विभागातली माणसं ओळखीची होतात.

आता खाण्याकडे येते. इथे माझ्याजवळ सांगण्यासारखं जास्त आहे.

आईला सांग, २००१ आणि आजचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या वेळी 'वेगान', म्हणजे वीगन, दूध-अंडंही न खाणारी, असं म्हटलं तर लोक परत विचारायचे. आज बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात २०१९ पासून पूर्ण वीगन मेन्झा चालतो, आणि लहान गावांतल्या मेन्झामध्येही रोजचा एक तरी पदार्थ वीगन असण्याची शक्यता मोठी आहे. पाटीवर तसं लिहिलेलं असतं किंवा हिरव्या पानाची खूण असते. मेन्झाची किंमत विद्यार्थ्यांना वेगळी आणि सगळ्यात कमी, म्हणून दुपारचं जेवण तिथेच घ्यायचं. पण दोन गोष्टी बघ. एक, वीगन पदार्थ कधी नुसते बटाटे आणि कोबी असतो, पोट भरतं आणि चार वाजता पुन्हा भूक लागते. डाळ, चणे, टोफू ज्या दिवशी असेल तो दिवस हेरून ठेव. दोन, मेन्झा बहुधा संध्याकाळी आणि रविवारी बंद. आणि रविवारी सगळी दुकानंही बंद असतात. शनिवारी संध्याकाळी सामान आणायचं राहिलं तर सोमवारपर्यंत रेल्वे स्टेशनवरचं महागडं दुकानच काय ते उघडं.

हिरवा ठिपका बघून वस्तू उचलायची आपली सवय तिथे उपयोगाची नाही. तसा सक्तीचा ठिपका युरोपात नाही. पाकिटावर पिवळ्या-हिरव्या रंगातला 'व्ही' असेल तर त्याच्याखाली 'वेगान' आहे की 'वेगेटारिश', म्हणजे दूध-अंडं चालणारं शाकाहारी, तेही वाच. खूण नसेल तर घटकांची यादी. युरोपच्या कायद्यानं चौदा ॲलर्जीचे पदार्थ यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरात, आणि दूध व अंडं त्या चौदांत आहेत. म्हणून 'मिल्श' आणि 'आय' हे दोन शब्द डोळ्यांना सापडायला दोन सेकंद लागतात. पण खरी फसगत पुढे आहे. जिलेटिन, डुकराची चरबी म्हणजे 'श्माल्त्स', 'श्पेक', मध म्हणजे 'होनिग' हे चौदांत नाहीत, म्हणून ते ठळक नसतात. ती ओळ पूर्ण वाचावीच लागते. गमी बेअरच्या गोळ्या, काही दही-पुडिंग, काही चॉकलेटं यांत जिलेटिन असतं. लाल कोबीच्या शिजवलेल्या भाजीत श्माल्त्स निघतो. भाजीच्या सुपात मांसाचा रस्सा निघतो. मसुराच्या सुपात सॉसेज किंवा श्पेक घालायची तर तिथे जुनी पद्धत आहे. आणि तळाशी 'श्पुरेन फॉन मिल्श' दिसलं तर घाबरू नकोस. त्याच कारखान्यात दुधाचं काही बनतं, चुकून कण आला असेल, एवढाच त्याचा अर्थ. तेवढं चालवायचं की नाही ते तुझं तू ठरव. ओटचं दूध हवं असेल तर पाकिटावर 'हाफर ड्रिंक' असं शोध. वनस्पतीच्या पेयाला दूध म्हणायला तिथे कायद्यानं बंदी आहे. चहाला ते चालतं.

काउंटरवर हे पाठ करून म्हण: 'इश एस्से वेगान. काइन फ्लाइश, काइनेन फिश, काइन आय, काइने मिल्श.' म्हणजे मी वीगन खाते; मांस नको, मासे नको, अंडं नको, दूध नको. नुसतं 'मांस नको' म्हटलंस तर मांस काढतात, पण रस्सा तोच असतो. चार शब्द सलग म्हटलेस की समोरचा थांबून विचार करतो. पहिल्यांदा आवाज बारीक येईल, मागे रांग आहे म्हणून कसंनुसं होईल. रांगेतल्या कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

सामानाचं सांगते. साध्या किराण्यासाठी आल्डी, लिडल. डीएम नावाचं औषध-साबणाचं दुकान असतं, त्यात लाल मसूर, चणे, टोफू, ओट स्वस्त आणि चांगले मिळतात. आपल्या मुलांना हे फार उशिरा कळतं. पण तुझं खरं दुकान तुर्की माणसाचं. तिथे चण्याची मोठी पोती, वांगी, भेंडी, पुदिना आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ताज्या जुड्या मिळतात. कॉटन मार्केटमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. तूरडाळ, मोहरी, हिंगासाठी भारतीय दुकान, महिन्यातून एकदा पुरे. नवलकोल तर त्यांची लाडकी भाजी, कोलराबी म्हणतात. आपल्यासारखी मुगाची डाळ घालून कर.

आणि जवस. विदर्भातल्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही. लाइनझामेन या नावानं जवस तिथे कुठल्याही दुकानात, मूसलीच्या शेजारच्या फळीवर मिळतं. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर टाकायचं आणि झाकण हाताशी ठेवायचं, कारण दोन मिनिटांत ते तडतडून उडायला लागतं. तडतड मंदावली, दाणा बोटांत चुरला की उतरवायचं. त्यातच शेंगदाणे, सुक्या मिरच्या, लसणाच्या पाकळ्या सालीसकट, मीठ. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवायचं, एकदम फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. ही चटणी बरणीत महिनाभर राहते. मी ती ब्रेडवर लावून नेत असे, आणि प्रयोगशाळेतली एक मुलगी रोज येऊन अर्धी मागायची. ती मोकळेपणानं मागायची. तिचं पाहून मी मागायला शिकले.

रोजच्यासाठी गोळाभात शिक. आईकडून, आत्ता, वजन-माप लिहून. चणाडाळीचा भरडा, तिखट, हळद, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. त्याचे घट्ट गोळे करून अर्धवट शिजलेल्या भातात पुरायचे आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवायचे. वरून लसूण-मोहरीची तेलाची फोडणी. दूध-तुपाचा संबंध नाही, डाळ आणि भात एकाच भांड्यात, आणि एका वेळचं केलं तर दुसऱ्या दिवशीचा डबा निघतो. भरडा इथून ने, तिथे बेसन मिळतं पण ते फार बारीक असतं, गोळे चिकट होतात. सावजी मसाल्याचं एक पाकीट आईकडून करून घे. टोफूला, सोयाबीनच्या वड्यांना, बटाट्याला, सगळ्याला लागतो.

फोडणीबद्दल मात्र जपून. तिथे घरोघरी छताला धुराचे अलार्म असतात, वसतिगृहात तर नक्कीच. मोहरी-मिरचीच्या धुरानं तो वाजतो, आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. गाडी आली तर खर्च तुझ्या अंगावर येऊ शकतो. खिडकी उघडी, चिमणी चालू, तेल कमी तापलेलं, आणि मिरची मोहरीनंतर. कुकर नेणार असशील तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा ने. ॲल्युमिनियमचा त्या शेगडीवर तापतच नाही. लोखंडी तवा तापतो. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, पण आपल्या मिक्सरची तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर लागेल.

आईला एक गोष्ट आधीच सांग, नाहीतर विमानतळावर रडारड होईल. युरोपात बाहेरून येणाऱ्याच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे बॅगेत गुपचूप सरकवलेला तुपाचा डबा आणि पेढे दोन्ही गेले. ताजी फळंसुद्धा, केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढी सोडून, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. आपला संत्रा नाहीच. ताजा कढीपत्ताही नको, तिकडेच घे. विमानातलं जेवण निघण्याच्या निदान दोन दिवस आधी नोंदव, आणि 'व्हीजीएमएल' हाच कोड सांग. 'एव्हीएमएल' हे आपलं भारतीय शाकाहारी जेवण, त्यात पनीर, दही येतं.

आता मामाचं. काळजीपोटी बोलतो, पण एखादं अंडं खाऊन त्याला वाटते ती अडचण सुटत नाही. खरी अडचण बी-१२ ची आहे. ते वनस्पतीत भरवशाचं मिळत नाही, आणि तू दोन वर्षांपासून दूधही बंद केलंयस. यकृतात साठा असतो म्हणून कमतरता उशिरा कळते: थकवा, हाता-पायाला मुंग्या, लक्ष न लागणं. परदेशात गेल्यावर हे सगळं थंडीच्या आणि अभ्यासाच्या नावावर खपतं. म्हणून निघण्याआधी इथेच बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घे, आणि डॉक्टर सांगतील ती गोळी इथूनच सुरू कर. जर्मनीतल्या पोषणतज्ज्ञांची संस्थाही वीगन माणसांना बी-१२ ची गोळी घ्यायलाच सांगते, प्रौढांसाठी दिवसाला ४ मायक्रोग्रॅमचा अंदाज धरते. गोळ्या डीएममध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात. डिसेंबरात तिथे चारलाच अंधारतं, म्हणून ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष ठेव. मिठाच्या पाकिटावर 'योड' शब्द बघून घे. तिथे सगळंच मीठ आयोडीनचं नसतं. तपासणीचा कागद मामाच्या हातात दे. वाद घालण्यापेक्षा ते बरं. अंडं खायचं की नाही हा निर्णय तुझा आहे, पण तो आज, पोट भरलेलं असताना घे. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी रात्री, दुकानं बंद असताना घेऊ नकोस.

तू कारण लिहिलं नाहीस, मीही विचारणार नाही. आजोबांच्या माळेचं आणि तुझ्या या निर्णयाचं नातं आहे असं मला वाटतं. पण ते आईला समजावून सांगायचं तर तू बसून बोलायला हवंस. तिला अजून वाटतं की तू दूध सोडलंस म्हणजे तिच्या हातचं काहीतरी नाकारलंस. जायच्या आधी गोळाभात तिच्याकडून शिकताना हे बोलणं आपसूक निघेल.

निघायला अजून वेळ आहे. मधे पोळा आहे, गणपती आहेत, कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी पूजा असेलच. पुढचं आमंत्रण आलं की आदल्या दिवशी फोन कर आणि सांग, काकू, मी दूध-तूप खात नाही, माझ्या वरणावर तूप सोडू नका, एक वाटी वरण तेवढं बाजूला काढून ठेवा. फक्त एवढंच. बघ काय होतं, आणि मला लिहून कळव.

तुझी,
ताई